इंजिनाला जास्त झालेली हवा

इंजिन कधीच खोटं बोलत नाही. खोटं बोलतात ती बॉनेट उघडं टाकून, हातात बिअर घेऊन त्याच्याभोवती उभी राहणारी माणसं. आणि कुरिंडा नावाच्या त्या आडगावात शनिवारी दुपारी दुसरा उद्योग नसल्यामुळे ती भरपूर होती.

मधोमध क्लॅरी मकनल्टीची यूट, म्हणजे मागं उघडा हौदा असलेली गाडी, धडधडत होती. उभी असली की तिला हिवताप भरायचा. रस्त्याला लागली की जरा शहाण्यासारखी वागायची. गॅरेजवाल्या ब्रॉनविननं तिला संगणक जोडला. त्याचं म्हणणं एवढंच, की मिश्रणात पेट्रोल कमी, हवा जास्त. जमलेल्यांनी त्यातलं अर्धंच ऐकलं.

"पेट्रोल कमी! म्हणजे पंप गेला," डूगल म्हणाला. तो मेंढ्या कातरायचा.

"पंप मागच्या आठवड्यात तूच बदललास," ब्रॉनविन म्हणाली.

"मग हाही गेला."

क्लॅरीनं टोपी मागं सारली. "हे बघ पोरी, तुझ्या सासऱ्यानं नुसता कान लावून सांगितलं असतं. अंधार पडायच्या आत सापडलं तर बरं, नाहीतर उद्या गाडी ओढून शहरात नेतो."

क्लॅरीची गाडी शहरात गेली की मागोमाग अख्खं कुरिंडा जाणार, आणि सासऱ्याच्या माघारी तिनं चालवलेल्या गॅरेजला कुलूप लागणार, हे ब्रॉनविनला ठाऊक होतं. जमलेल्यांनाही ठाऊक होतं. म्हणून तर कोणी जेवायला घरी गेलं नव्हतं.

तिनं गाडी रेस केली. संगणकाच्या पडद्यावरचा जादा हवेचा आकडा खाली उतरला.

"पंप गेला असता तर आता जास्त तडफडली असती," ती म्हणाली. "इथं उलटं आहे. कुठून तरी चोरून हवा ओढतेय. रेस केल्यावर आत इतकी हवा जाते, की चोरीची कळतच नाही."

"चोरी? कुरिंडात?" डूगलला वाईट वाटलं.

ब्रॉनविननं इंजिन बंद केलं. शेडमागून मधमाश्यांना धुरी द्यायचा भाता आणला, त्यात निलगिरीची वाळकी पानं पेटवली आणि त्याचं तोंड चिंध्या गुंडाळून हवेच्या पाइपात खुपसलं.

"आता यूटमधून मध काढणार बाई!"

सगळे पोट धरून हसले. हसणं ओसरलं तरी ती भाता दाबतच होती. मग इंजिनाच्या पाठीमागून, पार खालून, धुराचा एक बारीक दोरा वर आला.

तिनं आरसा आत घातला. एका रबरी नळीला कुंपणाची तार पिळून बांधली होती. तारेनं रबर कापत आणलं होतं.

"ही कोणी बांधली?"

कुरिंडात फाटकापासून चष्म्यापर्यंत सगळं कुंपणाच्या तारेनं दुरुस्त होतं. तारेवर संशय म्हणजे वाडवडिलांवर संशय. सगळे आपापल्या बुटांकडे पाहू लागले.

"टिकली की इतके दिवस," क्लॅरी पुटपुटला.

नवी नळी बसली. ब्रॉनविननं किल्ली फिरवली. इंजिन असं सुरू झालं, की मडगार्डवर ठेवलेल्या ग्लासातली बिअरसुद्धा हलली नाही. डूगलनं टोपी काढली. क्लॅरी बराच वेळ ऐकत राहिला आणि म्हणाला, "तुझ्या सासऱ्यालाही हे जमलं नसतं." मग ब्रॉनविन ती यूट घेऊन, हॉर्न वाजवत, गावातल्या एकुलत्या रस्त्यावरून गेली, आणि पबच्या दारात उभं राहून अख्ख्या गावानं टाळ्या वाजवल्या. शहराचं नाव पुन्हा कोणी काढलं नाही.

सोमवारी सकाळी गॅरेजात पहिलं गिऱ्हाईक आलं. त्याला सायकलच्या चाकात हवा भरायची होती.