पॉलिश न केलेली होडी

डॉक्टर दातांचे होते, आणि दातांच्या डॉक्टरला खडबडीत गोष्ट तशीच सोडता येत नाही. सासऱ्यांच्या काठीची मूठसुद्धा त्यांनी एकदा घासूनपुसून गुळगुळीत केली होती. त्यानंतर ती काठी सासऱ्यांच्या हातातून दोनदा निसटली, पण दिसायची मात्र छान.

अशा माणसाला मुलीने जेवताना विचारलं, "बाबा, आपण दोघं मिळून कयाक बनवू या का?"

शाळा संपल्यापासून तिने बाबांकडे मागितलेली ही पहिलीच गोष्ट. डॉक्टर आधी हो म्हणाले आणि मग त्यांनी कयाक म्हणजे काय ते विचारलं.

कयाक म्हणजे एका माणसाची निमुळती, वरून बंद होडी. मुलीला ती खळाळत्या पाण्यातून, दगडाधोंड्यांतून न्यायची होती. हे ऐकून आईने ताट बाजूला सारलं.

आई कपडे शिवायची. तिच्या मोठ्या कात्रीला घरात कोणी बोट लावायचं नाही, असा नियम होता. डॉक्टरांनी एकदा त्या कात्रीने कागद कापला, तेव्हा आईने आठवडाभर अबोला धरला होता. ती म्हणाली, "होडी ज्याची करणार त्याचा तुकडा आधी माझ्यासमोर ठेवायचा. मी त्यावर बत्ता घालणार. तीन तुकडे आणा. तिन्ही फुटले तर नदीचं नाव काढायचं नाही."

"आई, हा कुठला न्याय?"

"खडक तर तुला एकच संधी देईल. मी तीन देतेय."

बाजारातल्या कयाक जाड, चिवट प्लॅस्टिकच्या असतात, पण ते घरी ओतायचं तर खोलीएवढी भट्टी हवी. दवाखान्यातल्या हत्यारं उकळायच्या भांड्यात होडीचं नाकही मावलं नसतं. म्हणून पहिला तुकडा प्लायवूडचा झाला. बत्ता आरपार गेला आणि खालची फरशीही तडकली. फरशीचा दोष डॉक्टरांच्या नावावर लागला.

दुसरा तुकडा काचतंतूंच्या कापडाचा. त्यावर रेझिन, म्हणजे घट्ट होणारा पातळ डिंक, थापायचा. मुलीने बेताने थापला. ती झोपल्यावर डॉक्टरांना राहवेना. त्यांनी वरून आणखी तीन हात दिले, वाळल्यावर घासलं, दवाखान्यातली पॉलिशची पेस्ट लावली. तुकड्यात तोंड दिसू लागलं.

"बाबा, खडकाला हसून दाखवायचंय का?" मुलगी म्हणाली.

बत्ता पडला आणि तुकडा बशीसारखा खळ्कन फुटला. आईलाही बरं वाटलं नाही. "उरला एक," एवढंच म्हणून ती शिवायला बसली. मुलीने फुटलेले तुकडे गोळा केले. ती रागावली असती तर डॉक्टरांना सोपं गेलं असतं.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात एक बॉक्सर बाई आल्या. डॉक्टरांनी बनवून दिलेलं दातांचं मऊ कवच त्यांनी टेबलावर ठेवलं. चेंगरलेलं, चावलेलं, कळकट.

"पुन्हा असलंच बनवा," त्या म्हणाल्या.

"हे फार खराब झालंय हो."

"झालंय ना? दात बघा." त्यांनी तोंड उघडलं. एकही दात हललेला नव्हता.

डॉक्टर आत इतका वेळ बघत राहिले, की बाईंनी शेवटी विचारलं, "काही गंभीर आहे का?"

"आहे," डॉक्टर म्हणाले, "पण तुमच्या तोंडात नाही. माझं रेझिन जास्त झालं. नुसतं रेझिन कडक असतं, वाकत नाही."

बाईंनी मान हलवली. दातांच्या डॉक्टरशी वाद घालू नये, एवढं त्यांना कळत होतं.

घरी येऊन डॉक्टरांनी मुलीला सगळं कबूल केलं. तिने कपाटामागून एक पिवळं कापड काढलं, बुलेटप्रूफ जॅकेटात घालतात तसलं. खडकाच्या बाजूला काचतंतू, आतून हे पिवळं. रेझिन भिजेल तेवढंच, बाकीचं निपटून काढायचं. पिवळं कापड काही केल्या कापलं जाईना. स्वयंपाकघरातली कात्री बोथट झाली, दवाखान्यातली वाकली. शेवटी कडा कुरतडल्यासारख्या निघाल्या. डॉक्टरांचा हात पॉलिश पेपरकडे वळला, तेव्हा मुलगी त्या पेपरवर बसून होती.

तिसऱ्या तुकड्यावर आईने बत्ता घातला. धप्प. पांढरा वळ उठला. पुन्हा घातला. वळ मोठा झाला, खोलगट झाला. तिसऱ्यांदा तिने दोन्ही हातांनी उचलून घातला. मग खोलगट जागेत भांडंभर पाणी ओतलं आणि वाकून तुकड्याखालून हात फिरवला. हात कोरडा.

"आणि हे कडेला काय? उंदराने कापलं का?"

"बाबांनी," मुलगी म्हणाली.

आई उठून आत गेली. ती मोठा बत्ता आणायला गेली, अशी डॉक्टरांची खात्रीच झाली. ती बाहेर आली ती आपली मोठी कात्री आणि खडू घेऊन.

"होडीला किती कापड लागेल? मापं सांग. आधी आखून घेऊ. काठाला जास्तीचं सोडायचं का?"

"चार बोटं सोड," मुलगी म्हणाली.

"डॉक्टर, तुम्ही लांब उभे राहा."

डॉक्टर लांब उभे राहिले. मायलेकींनी जमिनीवर पिवळं कापड पसरलं, आणि मुलीने मान वर न करता म्हटलं, "बाबा, रेझिन कालवा. थोडंच."