मैनाचं वाचन

दमयंती वर्गात शिरली ती चपला न काढताच. तिसरीची मुलं पाटीवर बेरजा मांडत होती. ती कुणाकडेही न बघता सरळ खिडकीशी गेली, आपल्या मुलीची, मैनाची, पाटी उचलून दप्तरात कोंबली आणि दंडाला धरून तिला उभं केलं.

"चल घरी."

फळ्यावर लिहिणारी नीरजा वळली. "अहो, काय झालं? शाळा सुटायचीय अजून."

"नाव काडा हिचा. आताच्या आता काडा."

"बसा तरी. काय झालं ते सांगा मला."

"बसायला नाय आलेय मी."

दमयंतीने कमरेला खोचलेला फोन काढला, त्यावर अंगठा दाबला आणि तो नीरजाच्या तोंडासमोर धरला. पडद्यावर मैना दिसत होती. निळा फ्रॉक, तेलकट दोन वेण्या. पुढ्यात मराठीचं पुस्तक उघडलेलं. ती मोठ्याने कविता म्हणत होती आणि तिचं बोट पुस्तकातल्या ओळींवरून सरकत होतं. मात्र उघडलेल्या पानावर ती कविता नव्हतीच. वर पिवळ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'झेडपीची डिजिटल शाळा', आणि बाजूला डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसणाऱ्या तोंडांची चित्रं. मागून हशा ऐकू येत होता.

नीरजाच्या हातातला खडू खाली पडला. तो उचलायला कुणीही वाकलं नाही.

"हिच्या बापाला कामावरच्या पोरांनी दाखवल्यानी," दमयंती म्हणाली. तिचा नवरा आत्माराम मुंबईत एका गोदामात हमालीला होता. "जेवायच्या सुट्टीत. हे बग म्हणे गंमत. तो पण हसला आदी. मग वळाखलान. आपलीच पोर हाय म्हणून वळाखलान." तिने फोन परत खोचला. "कालपासून जेवला नाय तो."

मागच्या रांगेतलं एक पोर मान लांब करून बघत होतं, त्याला शेजारच्याने कोपराने दाबलं.

"तुमी दिलात ह्या लोकांला?"

"मी तो व्हिडिओ मदत मागायला टाकला होता," नीरजा म्हणाली. "फक्त शिक्षकांच्या गटात. बाहेरचं कुणी—"

"मग हसतंय कोण? गुरं?"

मैनाला ओढत ती निघून गेली. पटांगणातून, दगडी गडग्याच्या खिंडारातून, काजूंच्या सावलीतून दोघी दिसेनाशा होईपर्यंत नीरजा दारात उभी होती.

या शाळेत तिचं हे तिसरं वर्ष. घर रत्नागिरीत मांडवीला, नोकरी देवरूखच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या वाडीत. आली तेव्हा शेजारी विचारायला दुसरी बाई नव्हती. मुख्याध्यापक चिंतामणी गुरुजी निवृत्तीला टेकलेले. त्यांना काही विचारलं की ते पुस्तकाचं पान क्रमांक सांगत. म्हणून तिने फेसबुकवरचा शिक्षकांचा तो गट धरला होता. राज्यभरातले हजारो शिक्षक त्यात होते. व्हिडिओ कापायचा कसा, त्यावर अक्षरं कशी चढवायची, कागदाच्या पट्ट्यांवरून गोष्ट कशी रचायची, हे सगळं ती तिथे शिकली. संध्याकाळी देवरूखच्या खोलीवर कुकर लावायचा आणि शिट्ट्या होईपर्यंत कुणा अनोळखी गुरुजींचा वर्ग बघत बसायचं, असा तिचा नेमच झाला होता. डी.एड.ला दोन वर्षांत जे कळलं नाही ते तिला त्या गटाने शिकवलं, असं ती आईला सांगायची, आणि त्यात खोटं काही नव्हतं.

मैना वाचत नाही, पाठ म्हणते, हे पावसाळ्यात नीरजाच्या लक्षात आलं. तिने मिनिटभराचा व्हिडिओ काढला आणि गटात टाकला. खाली लिहिलं, 'या मुलीला वाचायला कसं शिकवू?' उत्तरं आली. चांगली आली. कुठल्याशा दूरच्या जिल्ह्यातल्या, कधीच न भेटलेल्या एका बाईंनी सविस्तर लिहिलं होतं: पुस्तक बाजूला ठेवा. तिला बोलू द्या, ती बोलेल ते तिच्यासमोर लिहा आणि तिचेच शब्द तिला वाचायला द्या. नीरजाने तसं केलं. मैना बोलली ती वहाळातल्या कुर्ल्या म्हणजे खेकड्यांबद्दल, पाटीला शिंग लावणाऱ्या बोकडाबद्दल, बाबा गणपतीला आले त्याबद्दल. नीरजा जुन्या कॅलेंडरांच्या पाठीवर लिहीत गेली. दिवाळीनंतर एका दुपारी मैनाने फळ्यावरची सूचना कुणीही न सांगता वाचली, आणि आपण काय केलं ते न कळून पुन्हा पेन्सिलीला टोक काढू लागली. त्या बाईंना नीरजाने तेव्हाच गटात कळवलं होतं. बाईंनी हात जोडलेलं चित्र पाठवलं होतं.

मधल्या सुट्टीत चिंतामणी गुरुजींनी तिला ऑफिसात बोलावलं.

"काढून टाका तो व्हिडिओ."

"काढला आत्ताच. पण तो आता माझ्या हातात राहिलाय कुठे?"

"कुणी विचारलं तर शाळेचा संबंध नाही म्हणायचं. आणि त्यांच्या घरी मुळीच जायचं नाही. गेलात म्हणजे चूक कबूल केल्यासारखं होतं."

"चूक आहेच ना पण, गुरुजी."

"असेल." त्यांनी चष्मा काढून पंच्याने पुसला. "तोंडाने म्हणायची नसते. बदल्यांचे दिवस आहेत."

नीरजा उठली ती खुर्ची सरकवण्याचा आवाज मुद्दाम होऊ देत.

शाळेमागच्या पाण्याच्या टाकीपाशी रेंज बरी येई. तिथे उभं राहून तिने ती रील शोधली आणि पहिल्यांदा पूर्ण बघितली, आवाज मोठा करून. हसण्याचा आवाज कुणीतरी वरून चिकटवला असेल असं तिने धरलं होतं. तसं नव्हतं. शेवटाकडे चित्र मागे सरकलं तेव्हा दिसलं, मैना पडद्यावर होती आणि तो पडदा एका हॉलमध्ये होता. कडेला नारिंगी झालर दिसत होती, पुढे खुर्च्यांवरची डोकी. मागे बसलेल्या कुणीतरी फोनवर ते टिपलं होतं. हसत होते ते हॉलमधले लोक. बायका, पुरुष, कुणी टाळीही वाजवली. आणि माईकवरून एक ओळखीचा, खेळकर आवाज म्हणत होता, "बघा, बोट चाललंय देवरूखला आणि गाडी चाललीय राजापूरला!"

तो आवाज सलिल सरांचा होता. गट त्यांचाच. शिक्षकांसाठी डिजिटल कौशल्यांच्या कार्यशाळा ते घेत. गेल्या महिन्यात रत्नागिरीतही झाली होती. नीरजाला रजा मिळाली नव्हती म्हणून ती हळहळली होती.

तिने फोन लावला. त्यांनी लगेच उचलला.

"बोला मॅडम! किती लांब पोचलाय बघितलंत ना तुमचा व्हिडिओ?"

"ते हसणारे सगळे शिक्षक आहेत ना?"

"म्हणजे?"

"हॉलमधले. शिक्षक आहेत ते."

"अहो, दिवसभराचं प्रशिक्षण असतं, वातावरण जरा हलकं ठेवावं लागतं. पुढे मी तुमचा उपाय अख्खा सांगितला. नाव घेऊन कौतुक केलं तुमचं. तेवढा भाग कुणीतरी कापला, त्याला मी काय करणार?"

"मला विचारलं होतंत?"

"मॅडम, गटात टाकलंत म्हणजे सगळ्यांनी शिकावं म्हणूनच टाकलंत ना? आता नकारात्मक घेऊ नका. उलट यावर आपण एक लाइव्ह करू. ती मुलगी आता वाचते म्हणता, तर तिलाच समोर आणू. लोकांची तोंडं आपोआप बंद होतील."

"ती माकड नाहीये, सर."

सलिल सर अगदी साध्या आवाजात, खरंच जाणून घ्यायचं असावं तसे म्हणाले, "मुलीच्या घरी तुम्ही विचारलं होतं का, व्हिडिओ टाकताना?"

नीरजाने फोन कापला. टाकीचा नळ ठिबकत होता. तिने तो आवळला, आणखी आवळला, हाताला वळ उठेपर्यंत आवळला. ठिबकायचा तो ठिबकतच राहिला.

शाळा सुटल्यावर ती वाडीकडे निघाली. कातळावरची वाट तापलेली होती. चालताना ती मनात वाक्यं जुळवत होती आणि प्रत्येक वाक्याची सुरुवात 'मला वाटलं नव्हतं'ने होत होती. शेवटी तिने जुळवणं सोडून दिलं.

दमयंती घरापुढच्या खळ्यात बसून काजूच्या पिकल्या बोंडवांतून बिया पिळून काढत होती. बी टोपलीत, बोंडू घमेल्यात. खळ्यात आंबूस वास भरला होता. मैना पायरीवर बसली होती. बाईंना बघून ती उठली, आईकडे बघितलं आणि पुन्हा बसली.

"नाव काडलात?"

"नाही. माफी मागायला आलेय."

दमयंतीने एक बी पिळली. "पालकांच्या मिटिंगला मी तुमाला काय बोल्ले होते, याद हाय? घरी वाचते धडाधडा, बोल्ले होते. तुमी हसलात नुसत्या. मला नाय सांगितलात की ती वाचत नाय. जगाला सांगितलात."

नीरजा उन्हात उभी होती. बसा म्हणून कुणी म्हटलं नव्हतं.

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून नाही सांगितलं."

"आता बरा वाटतंय मना!" दमयंतीने बोंडू घमेल्यात असा आपटला की रस तिच्याच तोंडावर उडाला. तिने तो पुसला नाही. "मुंबईत लोक हसतात. दुबईला माजा चुलत दीर हाय, थंय पण पोचलाय. आणि तुमची पगारी शाळा चालूच."

नीरजाकडे बोलण्यासारखं जे होतं ते सगळं तिच्याच बाजूचं होतं.

दमयंतीने लुगड्याच्या पदराला बोटं घासली आणि फोन काढून तिच्यापुढे केला. ती दुसरीनंतर शाळेत गेली नव्हती. सहीपुरती अक्षरं तिला येत.

"खाली काय काय लिवलाय लोकांनी. ता वाचून दाखवा."

"कशाला ते..."

"माज्या पोरीबद्दल लिवलाय ना? मना ऐकायचाय. वाचा."

नीरजा पायरीवर, मैनाच्या शेजारी बसली. तिने फोन हातात घेतला. प्रतिक्रियांची रांग संपत नव्हती. पहिली तिने मनातल्या मनातच वाचली.

"लिहिलंय की... मुलीला नीट शिकवायला हवं." तिने बोट वर सरकवलं. "शिक्षकांनी लक्ष द्यायला हवं, असं लिहिलंय. आणि... गोड आहे मुलगी."

"एवढाच?"

"बरंचसं असंच आहे."

मैना तिच्या खांद्यावरून वाकून पडद्याकडे बघत होती. तिच्या श्वासाला बोंडवांचा वास होता.

"असा नाय लिवलाय, बाई."

नीरजाने फोन छातीशी धरला.

"दी तिला," दमयंती म्हणाली.

"दमयंतीताई, नको. लहान आहे ती."

"लहान होती ता तेवा आठवला नाय तुमाला. दी."

मैनाने फोन दोन्ही हातांत धरला, मांडीवर पुस्तक घेतात तसा. ती वाचू लागली. सावकाश, जोडाक्षरापाशी थांबत, थांबून पुन्हा मागून येत, कुणाचीही मदत न घेता.

"हिला शाळेत घा... घालण्या... घालण्यापेक्षा गुरं राखायला पाठवा."

बिया पिळणारे हात चालू होते.

"आईबापांनी पोरं काढायची आणि... सरकारच्या... गळ्यात मारायची."

हात थांबले. दमयंतीने मान वर केली. ती मुलीच्या तोंडाकडे बघत होती, मग त्या तोंडातून येणाऱ्या शब्दांकडे, मग पुन्हा तोंडाकडे. शब्दांनी लागलेला मार तिच्या चेहऱ्यावर दिसत होता. त्याच चेहऱ्यावर आणखीही काहीतरी येत होतं आणि ते कुठे ठेवावं हे तिला कळत नव्हतं. ही कविता नव्हती. हे मैनाने कधी ऐकलेलं नव्हतं, पाठ केलेलं नव्हतं. हे कुणीतरी, कुठेतरी, तिला दुखवायला लिहिलं होतं आणि ती ते वाचत होती.

"ही पोरगी एकदम..." मैना अडखळली. तिने फोन जवळ घेतला. "एकदम ढ." पुढे काही आहे का ते तिने खालीवर करून बघितलं. "ह्यानं पुढचा लिवलाच नाय, बाई. नुसता ढ. ढगातला."

नीरजाने फोन काढून घ्यायला हात पुढे केला. दमयंतीने तिचं मनगट मधेच धरलं. बोंडवाच्या रसाने चिकट झालेली ती पकड घट्ट होती, आणि राग तिच्यातून गेलेला नव्हता; तो नीरजाला हाडापर्यंत जाणवला. पण दमयंतीची नजर तिच्याकडे नव्हती.

"त्यालाच येत नसल लिवायला," ती मुलीला म्हणाली. "तू वाच पुढचा."