कप्पीचं काम, कड्याचं नाव

मी एक जुनी कप्पी आहे, मित्रांनो. विहिरीवरची नव्हे, दारावरची. माझ्या चाकावरून एक दोरी जाते आणि तिच्या दोन्ही टोकांना मुठी आहेत. दुखऱ्या खांद्याच्या व्यायामासाठी मला बनवलं. कारखान्यातून मी दुकानात आले आणि तिथून एका रंगाऱ्याच्या घरी.

रंगाऱ्याचा उजवा खांदा आखडला होता. छत रंगवणं दूरच, त्याला सदऱ्याची बाहीसुद्धा चढवता येत नव्हती. हातच वर जाईना तर घर कसं चालणार, म्हणून त्याची बायको धास्तावली होती. घरी येणाऱ्या थेरपीवाल्या ताईंनी मला दाराला टांगलं आणि बजावलं, "काका, आधी शेक घ्यायचा. मग डाव्या हाताने दोरी ओढून उजवा हात हळूहळू वर न्यायचा. सोसेल तेवढंच. आणि दुखायचं थांबलं म्हणून हे सोडायचं नाही, बरं का!"

सुरुवातीला तो मला शिव्या घाली. मी मनावर घेतलं नाही. दुखणाऱ्याच्या तोंडी कोण लागणार? बायको खांद्याला गरम पाण्याची पिशवी धरी, मग तो दोरी ओढी आणि मी कुरकुरत फिरे. होता होता हात कानापर्यंत पोचला. "तुझ्यामुळे माणसात आलो गं," असं म्हणत त्याने माझ्या चाकाला तेल घातलं. मी वेडी, ते खरं मानून बसले.

त्याच सुमारास मेहुण्याने त्याला चुंबकाचं कडं आणून दिलं. झालं! खांदा बरा झाला तो कड्यामुळे, असं तो ज्याला त्याला सांगत सुटला. गरज सरो, वैद्य मरो! व्यायाम बंद पडला आणि माझ्या मुठींवर ओले टॉवेल वाळू लागले.

परवा तो एक छत अर्धवट टाकून घरी आला. हात पुन्हा वर जाईना. बायको म्हणाली, "अहो, कप्पी आहे ना दाराला! थांबा, मी पाणी तापवते."

"तो व्यायाम झाला गं. मला औषध हवंय. तुझ्या भावाला विचार, याहून जाड कडं मिळतं का."

माझ्या तोंडावर म्हणाला हो! इतका विश्वासघात मला सोसवला नाही. पण रुसून मी जाणार कुठे? आणि मी रुसले तर त्याचा हात वर कोण नेणार?

म्हणून मित्रांनो, तुमच्या घरी कुणाचा खांदा आखडला तर त्यांना माझा निरोप सांगा. नाव खुशाल कड्याचं घ्या, हवं तर कडं घालूनच या. पण तेवढे टॉवेल काढा आणि मूठ धरा.