ज्योत्स्नाच्या वहीतली नावं

जयराम साळवेला प्रार्थना करता येत नव्हती, आणि चौतीस वर्षं त्याचं काही अडलंही नाही. घरात कामं वाटून घेतलेली होती. पंखा, नळ, गॅसची शेगडी जयरामकडे. देव बायकोकडे, ज्योत्स्नाकडे. ती डोळे मिटून बोलायची, तो शेजारी मान खाली घालून बसायचा आणि शेवटी आमेन म्हणायचा. आमेन मात्र खणखणीत. सारी नोकरी अंबडच्या कारखान्यात मशिनी दुरुस्त करण्यात गेली, तिथं हळू बोललेलं कुणाला ऐकू जात नाही.

जानेवारीत ज्योत्स्ना गेली. त्यानंतर आमेन म्हणावं असं घरात कुणी काही बोललंच नाही. जयराम रविवारी चर्चला जायचा, मागच्या बाकावर बसायचा आणि परत यायचा. सकाळी उठून डोळे मिटायचा, तर आत नुसती शांतता. कारखान्यात लाइट गेली की व्हायची तशी.

पाच महिन्यांनी चर्चमधल्या उज्वलाताई सांगायला आल्या. शरणपूरच्या त्यांच्या मंडळीत दर बुधवारी प्रार्थनासभा कुणाच्या तरी घरी भरते, पाळीपाळीनं. गाणी सगळे म्हणतात, वचन कुणीही वाचतं, पण शेवटची प्रार्थना ज्याचं घर त्यानं करायची. येत्या बुधवारी पाळी साळव्यांची होती. जयराम म्हणाला, या खेपेला माझं घर सोडा. उज्वलाताई म्हणाल्या, ज्योत्स्नानं एक पाळी चुकवली नाही, केमो चालू असतानासुद्धा नाही. चहा मी करीन, सतरंज्या पोरी घालतील.

"प्रार्थना मात्र तुम्हीच करायची, भाऊ. ती काय मी घरून करून आणू?"

जयरामला धास्ती पडली. बायकोबरोबर देवही घरातून निघून गेला असावा, असं त्याला मनातून वाटत होतं. ते अजून कुणाला कळलेलं नव्हतं. बुधवारी तोंड उघडलं आणि काहीच आलं नाही, की सगळ्यांना कळणार होतं.

एखादी लिहिलेली प्रार्थना मिळेल म्हणून त्यानं ज्योत्स्नाचं बायबल काढलं. आत चाळीस पानी वही निघाली. प्रार्थना नव्हती, नावं होती. नावापुढं गरज. जी पुरी झाली, तिच्यावर रेघ आणि तारीख.

हे मात्र जयरामला ओळखीचं वाटलं. कारखान्यात तक्रारींचं रजिस्टर असंच असे. नियम एकच होता. मशिन चालू झालं असं फिटरनं म्हणून चालत नसे, ज्याची तक्रार त्यानं सही करायची, मगच ती बंद. वहीत रेघ न मारलेली अकरा नावं होती. साहेबापुढं शिळी तक्रार नेली तर फिटर बोलणी खातो. इथं तर साहेब फार मोठा. तेव्हा सोमवारी सकाळी कानावर पेन ठेवून जयराम चौकशीला निघाला.

कोपऱ्यावर सिंधुबाई भाजी विकते, मखमलाबादचा स्वतःचा मळा. तिच्यासमोर दोन गिऱ्हाइकं होती. जयरामनं वही उघडून सरळ वाचलं, "सिंधुबाई, सुनेशी अबोला मिटू दे. मिटला का?"

सून मागंच बसून मेथीच्या जुड्या बांधत होती.

सिंधुबाईच्या हातातला तराजू तसाच राहिला. जयरामला वाटलं, आता जमीन दुभंगावी. मग सूनच तोंडाला पदर लावून हसायला लागली.

"मिटला, मामा. आता रोज भांडतो."

"बोलती ना पण," सिंधुबाई म्हणाली. "बाईंनी लिवलं व्हतं हे? माझं नाव, त्यांच्या देवाच्या वहीत?" तिनं डोळे पुसले, ओल्या हातानंच सही केली आणि म्हणाली, "आता खाली दुसरं लिवा. जीभ आवरू दे."

"कुणाची?"

दोघींनी एकमेकींकडं बघितलं. "दोघींची लिवा," सिंधुबाई म्हणाली, आणि नको नको म्हणत असताना त्याच्या पिशवीत मेथी कोंबली.

दुसरं नाव त्याच्याच इमारतीचा वॉचमन, हरसूलकडचा लहानू. गरज एका शब्दाची: गुडघा.

"गुडघा हाय तसाच हाय," लहानू म्हणाला. "पण बाई रोज जाता-येता इचारायच्या. तेवढंच बरं वाटायचं. आता कोणी इचारत नाय."

जयराम रोज त्याच फाटकातून जात होता. तो लहानूच्या बाकड्यावर बसला आणि अर्धा तास गुडघ्याचीच हकीकत ऐकत राहिला. सही काही घेता आली नाही. पण घरी जाताना त्याच्या लक्षात आलं की जानेवारीनंतर आज पहिल्यांदा आपल्याला भूक लागलीय. त्यानं मेथी निवडली.

बुधवारी घर भरलं. लहानू दारात टेकला होता, सिंधुबाई सुनेला घेऊन आली होती. शेवटी सगळ्यांनी माना खाली घातल्या. जयरामनं वही उघडली आणि पहिल्या पानापासून एकेक नाव वाचू लागला. रेघ मारलेली नावं त्यानं आधी बघितलीच नव्हती. बंद तक्रार कोण बघतं? आता तीही वाचली. मधेच त्याच्या तोंडून निघून गेलं, "जयराम. घोरणं थांबू दे."

खोलीत हशा पिकला. पण या रेघेपुढं तारीख नव्हती. दवाखान्यातल्या दिवसांतलं, थरथरतं अक्षर होतं. ते त्यानं थांबत थांबत वाचलं.

"राहू दे, प्रभू. जाग आली की सोबत वाटते."

जयरामनं वही मिटली आणि डोळेही.

"प्रभू," तो म्हणाला, "वही आता माझ्याकडं आहे. लहानूचा गुडघा अजून दुखतो..."

आणि तो बोलत सुटला. कारखान्यातल्यासारखा, मोठ्यानं. गुडघा झाला, सिंधुबाई झाली, तिची सून झाली, राहिलेली सगळी नावं झाली. मग ज्योत्स्नाबद्दल आभार, तिच्या हातच्या सुक्या बोंबलाबद्दल आभार, मग घरात आलेल्या एकेकाबद्दल. आत शांतता नव्हती. चौतीस वर्षांचं साठलेलं होतं.

शेवटी स्वयंपाकघराच्या दारातून उज्वलाताईंचा आवाज आला.

"भाऊ, आमेन म्हणा आता. तिसऱ्यांदा चहा तापवतेय."