विसावी पायरी

रुपरावांनी खिशातली घडीची फूटपट्टी उघडली आणि जिन्याच्या विसाव्या पायरीला उभी टेकवली. आठ इंच. त्यांनी पट्टी उचलली, कडेवरची संगमरवराची भुकटी रुमालाने पुसली आणि पुन्हा टेकवली. आठच. खालच्या एकोणीस पायऱ्या त्यांनी आधीच मोजल्या होत्या. प्रत्येक पायरी साडेसहा इंच उंच होती, एका सुताचाही, इंचाच्या आठव्या भागाचाही, फरक नव्हता. डायरीत त्यांनी एकोणीस आकडे एकाखाली एक लिहिले. विसाव्याच्या जागी काहीच लिहिलं नाही.

जिन्याच्या तोंडाशी ठोकलेल्या फळ्या उद्या सकाळी उद्घाटनाच्या वेळी निघायच्या होत्या. पायऱ्यांचं पॉलिश खराब होऊ नये म्हणून तीन आठवडे हा दर्शनी जिना बंद होता, आणि मालक मनोहरराव धरून सगळे मागच्या लोखंडी जिन्याने वर जात होते. पॉलिश झाल्यापासून या जिन्यावर रुपरावांखेरीज कोणाचाच पाय पडला नव्हता. रुपराव फळ्यांमधल्या फटीतून अंग चोरून बाहेर आले.

पायरी उंच होणार हे सर्वांत आधी कवडू मिस्त्रीच्या लक्षात आलं होतं. जिना बांधून, घासून तयार झाल्यावर मनोहररावांना वरच्या मजल्यावर संगमरवर हवासा वाटला. फरशी जाड, खालचा मसाला जाड. कवडू थापी हातात घेऊनच रुपरावांकडे आला.

"साहेब, वरची फरशी दीड इंच वर चालली. शेवटची पायरी चढते."

"नकाशात काय आहे?"

"नकाशात तं साधं शिमिटाचं आहे."

"जिना नकाशाप्रमाणे झाला?"

"झाला."

"मग झालं."

कवडू उभाच राहिला. पंचवीस वर्षं त्याने रुपरावांच्या हाताखाली काम केलं होतं. एका सरकारी विश्रामगृहाचा अख्खा जिना दोन सुतांच्या फरकासाठी फोडायला लावणारे रुपराव त्याने पाहिले होते. त्या दिवशी कवडूनेच पहिली पहार मारली होती. त्याने रुपरावांच्या चेहऱ्याकडे एकदा नीट पाहिलं, थापीवरचा मसाला बोटाने निपटला आणि निघून गेला.

टेक्निकल कॉलेजात रुपरावांना शिकवलेल्या पुष्कळ गोष्टी आता जुन्या झाल्या होत्या, पण एक झाली नव्हती. जिना चढताना माणूस पायऱ्या पाहत नाही. पहिल्या तीन पायऱ्यांत पाय उंची शिकतो आणि पुढे तिच्यावर विसंबतो. त्यांचे मास्तर म्हणत, जिना हा दिलेला शब्द असतो.

शब्द मनोहररावांनीही दिला होता. जिथे हे दुमजली शॉपिंग कॉम्प्लेक्स उभं होतं, तिथे चार वर्षांपूर्वी बर्डीच्या बाजारातली सोळा दुकानांची टिनाच्या छपराची ओळ होती. प्रत्येक दुकानाला गुडघ्याएवढा ओटा होता. गिऱ्हाईक ओट्यावर टेकायचं, मग बोलणं व्हायचं, मग जमलं तर खरेदी. सातवं दुकान रुपरावांचे थोरले बंधू आनंदराव यांचं, कुलूप-चाबीचं. त्यांच्या दुकानाच्या मागच्या भिंतीवर दीडशे खिळे होते आणि प्रत्येक खिळ्याला कोणा ना कोणाच्या घराची जादा चाबी टांगलेली असे. गावाला जाताना लोक ती ठेवून जात, हरवली की येऊन नेत. एका चाबीलाही नावाची चिठ्ठी नव्हती. कोणता खिळा कोणाचा, हे आनंदरावांना पाठ होतं.

मनोहरराव जागेसाठी सही मागायला घरी आले तेव्हा रुपराव नुकतेच सरकारी नोकरीतून निवृत्त होऊन त्यांच्याकडे सुपरवायझर म्हणून लागले होते. मनोहररावांनी आनंदरावांच्या पाया पडून तळमजल्यावरचं दर्शनी दुकान कबूल केलं. आनंदरावांनी कागद वाचला नाही. धाकट्या भावाला एवढंच विचारलं, "तू म्हणतं तं करू सही?" रुपराव करा म्हणाले.

ओळ पडली. आनंदराव महिनाभर घरोघर फिरून चाब्या परत देत होते. अकरा चाब्यांचे मालक सापडले नाहीत, त्या त्यांनी एका डब्यात ठेवल्या. तळमजल्याची दर्शनी जागा साड्यांच्या शोरूमला गेली. आनंदरावांना वरच्या मजल्यावर, अगदी मागे, मुतारीला लागून असलेला गाळा दाखवण्यात आला. ते नको म्हणाले आणि घरी आले. तेव्हापासून दोघा भावांच्या प्रतापनगरच्या घरात दुपारभर ते पलंगावर बसून एकच पितळी कुलूप उघडत आणि लावत. भावाला त्यांनी कधीही बोल लावला नाही. रुपराव शेजारच्या खोलीत बसून तो खटका ऐकत. एक शब्द जरी बोलले असते, तरी रुपरावांना सोपं गेलं असतं.

नोकरी मात्र रुपरावांनी सोडली नाही. सोडून काही होणार नव्हतं. ते थांबले, वाट पाहत राहिले, आणि अखेर मनोहररावांनी स्वतःच्या हौसेने संगमरवर मागवला.

उद्याचं चित्र त्यांच्या मनात पक्कं होतं. पाहुणे, हार, फोटोग्राफर. पांढरा कोट घातलेले मनोहरराव हात जोडून, मान वर करून सगळ्यांच्या पुढे चढतील. सगळी बर्डी पाहत असेल. हाड मोडावं असं रुपरावांना वाटत नव्हतं. मोडू नये असंही वाटत नव्हतं.

सकाळी लवकर घरून निघून, हारा-पेढ्यांची कामं उरकून दहाला ते पोहोचले तेव्हा फळ्या निघाल्या होत्या आणि जिन्याला झेंडूची तोरणं लागली होती. गर्दीच्या मधोमध, धुवट धोतर आणि काळी टोपी घालून, काठीवर दोन्ही हात टेकून आनंदराव उभे होते.

रुपरावांचे पाय जागीच थांबले. रुपराव निघाल्यावर मनोहररावांनी घरी गाडी पाठवून त्यांना आणवलं होतं, असं कवडूने हळूच सांगितलं. जुन्या ओळीतले सर्वांत ज्येष्ठ दुकानदार म्हणून वरची फीत त्यांच्या हातून कापायची होती.

मनोहरराव भाषण करत होते. ते जुन्या ओळीबद्दल बोलत होते, ओट्यावरच्या गप्पांबद्दल, एकमेकांच्या घराच्या चाब्या सांभाळणाऱ्या माणसांबद्दल. तो विश्वास आता कुठे राहिला, असं म्हणताना त्यांचा आवाज खरोखरच भरून आला. त्या ओळीचा मोठा फोटो त्यांनी मुद्दाम फ्रेम करून वर जिन्यासमोर लावला होता, तोही आज उघडायचा होता. पुढे बसलेल्या दोघा-तिघांनी डोळे पुसले. आनंदराव काठीच्या मुठीकडे पाहत होते.

"आता दादाजी पहिल्यांदा चढतील," मनोहरराव म्हणाले. "त्यांच्या मागून आपण सारे."

रुपराव गर्दीतून वाट काढत पुढे आले. हीच वेळ होती. जिना चढू नका, असं मोठ्याने म्हणायचं, म्हणजे का ते सांगावं लागणार आणि सगळं माहीत असलेला कवडू तिथेच उभा होता. त्यांनी भावाचा दंड धरला.

"मी नेतो दादाले," ते म्हणाले.

दोघे चढू लागले. आनंदराव आधी काठी ठेवत, मग उजवा पाय, मग डावा. रुपराव मनात मोजत होते. दहाव्या पायरीनंतरच्या मधल्या टप्प्यावर आनंदराव दम घ्यायला थांबले. मनोहरराव हार घेऊन त्यांच्या मागोमाग तिथवर आले आणि फोटोत गर्दी नको म्हणून तिथेच उभे राहिले. मागच्या जिन्याने आधीच वर गेलेला फोटोग्राफर स्टुलावर चढून कॅमेरा रोखत होता.

अकरा. बारा. भावाचा दंड बोटांत मावेल इतका बारीक झाला होता. सतरा. अठरा. एकोणिसाव्या पायरीवर रुपरावांनी त्यांना थांबवलं आणि कानाशी वाकले.

"दादा, पुढची उंच आहे. पाय वर घ्या."

आनंदरावांनी काठी समोरच्या पायरीच्या उभ्या अंगावर टेकवून वर सरकवली. आयुष्यभर केसाएवढ्या फरकाने चाबी घासून कुलपात बसवणारा तो हात होता.

"किती?" त्यांनी विचारलं.

"दीड इंच."

"दीड." काठी पुन्हा खाली आली, पुन्हा वर सरकली. "तुह्या हातून अशी चूक होत नाही, रुपराव."

रुपरावांनी भावाच्या दंडावरची पकड घट्ट केली.

"तुले माहीत होतं."

"होतं."

आनंदरावांनी मान वळवून खाली पाहिलं. मधल्या टप्प्यावर मनोहरराव कोटाची बटणं सारखी करत होते. मग त्यांनी भावाकडे पाहिलं. चार वर्षांत ते त्याच्याकडे इतका वेळ पाहत राहिले नव्हते. त्यांनी दंडावरचा त्याचा हात अलगद सोडवला, काठी वर ठेवली, पाय बेताने उचलला आणि विसावी पायरी चढले. त्यांच्यामागून रुपराव चढले.

टाळ्या झाल्या. समोर फोटोवर मखमली पडदा होता, त्याच्या अलीकडे लाल फीत. आनंदरावांना वर आधीच थांबलेल्या कोणीतरी तबकातली कात्री दिली. त्यांनी ती घेतली, पण फितीकडे न जाता ते जिन्याकडे वळले.

"मनोहरराव," त्यांनी हाक मारली. आवाज जुन्या दुकानातला होता, समोरून जाणाऱ्या ओळखीच्या माणसाला ओट्यावर बसायला बोलावणारा. "तुम्ही काहून मागं राहिले? तुमच्याबिगर फीत कशी कापू? या जी, वर या."

मनोहरराव लाजल्यासारखे हसले. हार दोन्ही हातांत सांभाळत ते चढू लागले. खाली कवडूने टोपी काढून हातात घेतली. रुपरावांचा हात खिशातल्या फूटपट्टीवर गेला आणि तिथेच राहिला.

पंधराव्या पायरीवर मनोहररावांची नजर क्षणभर खाली गेली.

"खाली नका पाहू," आनंदराव मायेने म्हणाले. "फोटो चांगला येत नाही."

मनोहररावांनी मान वर केली. आनंदराव काठी टेकत मागे सरले, एक पाऊल, मग आणखी एक. शेवटच्या पायरीपासून त्यांच्या काठीपर्यंतचा पांढरा संगमरवर मोकळा झाला. रुपरावांच्या डोळ्यांनी सवयीने त्याचं माप घेतलं. साडेपाच फूट. मनोहररावांच्या उंचीइतकंच.