अंतराळातून परतलेली चकती

मी काच नव्हे. मी पारदर्शक प्लास्टिकची, तळहाताएवढी चकती आहे आणि नाशिकच्या एका महाविद्यालयातील कुलूपबंद कपाटातून बोलते आहे. गोड बोलेन, अशी अपेक्षा ठेवू नका.

नव्वदच्या दशकात मला एका उपग्रहाच्या बाहेर बसवले होते. दूरच्या ताऱ्यांकडून आलेली जड अणुकेंद्रे मला भेदून गेली. त्यांच्या वाटा माझ्या अंगात राहिल्या, पण अदृश्य. कॉस्टिक सोड्याच्या कढत द्रावणात ठरलेला वेळ बुडवले, की त्या वाटांची सूक्ष्म विवरे होतात. विवर जितके रुंद, तितके अणुकेंद्र जड. वेळ चुकला, तर निष्कर्ष खोटा.

२००५ च्या उन्हाळ्यात संशोधक विद्यार्थिनी संजनाने प्रबंधासाठी मला द्रावणात सोडले. भारनियमनात चार तास वीज गेली. प्रयोगशाळेचे शिपाई भिमाजी यांनी भांडे मुकाट्याने रॉकेलच्या स्टोव्हवर ठेवले आणि तापमापीवर नजर ठेवून उष्णता राखली. मागे एकदा असेच वीज जाऊन द्रावण निवले होते, तेव्हा मार्गदर्शक प्रफुल्ल सरांनी त्यांचा चारचौघांत पाणउतारा केला होता. वीज येताच भिमाजींनी भांडे परत जागेवर ठेवले. मग सर आले आणि द्रावण निवलेच असणार असे धरून, कोणालाही न विचारता बुडवण्याचा वेळ चार तास वाढवून निघून गेले.

माझी विवरे फुगली. सरांनी परिषदेत लोखंडाहून कितीतरी जड, दुर्मीळ अणुकेंद्र सापडल्याचे सांगून टाळ्या घेतल्या. मला भेदणारे साधे लोखंड होते.

सगळीच विवरे सारखी फुगलेली पाहून संजनाला शंका आली. तिने भिमाजींना विचारले.

“गार होऊ दिलं नाय ताई, स्टोव्हवर ठेवलं व्हतं. मला कोणी इचारलंच नाय.”

ती सरांकडे गेली. प्रयोगशाळेत स्टोव्हला बंदी आहे, एवढेच त्यांनी आधी सुनावले. मग शांतपणे म्हणाले, “स्टोव्हचं लिहिलंत, तर भिमाजीची नोकरी जाईल. आणि प्रबंधावर सही मी करायची आहे.”

ती दोन दिवस लेखणी हातात धरून बसली. शेवटी भिमाजीच म्हणाले, “नोकरी माझी हाय ना? लिहा. नाव तेवढं नीट लिहा, ताई. इतक्या वर्षांत ते कुठंच छापून आलं नाय.”

तिने प्रबंधात सगळे लिहिले. दुसऱ्याच दिवशी सरांनी मला कपाटात कोंडले आणि किल्ली खिशात टाकली. वाढीव चार तासांत सोड्याने मला किती खाल्ले, हे जाडी मोजणारे स्क्रूगेज एका मिनिटात सांगेल. ते त्यांना पुरते ठाऊक आहे.

सर, मी तुम्हाला क्षमा करणार नाही. आणि वाचकहो, तुमच्यापैकी कोणाचा त्या महाविद्यालयात अधिकार चालत असेल, तर कपाट उघडायला लावा. माझी जाडी मोजा. भिमाजींना घरी बसवले आहे आणि संजनाची सही अजून अडलेली आहे.