मोठ्या बाईंचा डावा हात

निवृत्त झालेल्या मोठ्या बाई, म्हणजे आमच्या हेड नर्स, पित्ताशयाच्या ऑपरेशनसाठी त्यांच्याच जुन्या वॉर्डात, खिडकीजवळच्या खाटेवर येऊन पडल्या, तेव्हा मला आनंद झाला. झाला म्हणजे झाला, उगाच खोटं कशाला बोलू? वर्षानुवर्षं त्यांनी हा वॉर्ड चालवला आणि आम्हा नर्सिंगच्या मुलींना नुसत्या चादरींच्या घड्या घालायला लावल्या. पेशंटजवळ गेलं की, "लांब उभी राहा, मध्ये कडमडू नकोस!" शिकवायचं नाव नाही. आणि प्रॅक्टिकलला परीक्षक म्हणून पुन्हा याच.

माझ्या धाकट्या बहिणीने त्या परीक्षेतच पहिल्यांदा सुई हातात धरली. शीर सापडेना. मोठ्या बाई सगळ्यांसमोर हसल्या आणि म्हणाल्या, "हिला शिवणकामाला घाला." पोरीने पुन्हा कॉलेजचं तोंड पाहिलं नाही. आज ती एका दुकानात कपड्यांना बटणं लावते. मी दुसऱ्या हॉस्पिटलात जाऊन काम शिकले, आणि आता मुलींना या वॉर्डात शिकवायला मीच येते.

तर माझ्या मुलींमधली सगळ्यात भित्री निवडली आणि बाईंच्या खाटेशी नेली. सलाईनची सुई बदलायची होती.

"ही घालेल," मी म्हटलं. "पहिलीच वेळ आहे तिची. चालेल ना, बाई?"

त्यांचा चेहरा खर्रकन उतरला. "तूच घाल ना गं."

"मला कुठे येतं? मी तुमच्याच वॉर्डातली. चादर द्या, कशी झकास घडी घालते बघा!"

मागे मुली खुसखुसल्या. काय गार वाटलं म्हणून सांगू! "नको असेल तर नको म्हणा, मी घालते," मी पुढे म्हटलं. "पण का नको, ते या मुलींना तुम्ही सांगायचं."

बाईंनी डावा हात पुढे केला.

पोरीने त्यांच्या हाताला पट्टा बांधला. नुसतं बघूनच ती घाईघाईने सुई टेकवायला निघाली. हिची सुई चुकली तर? माझ्या सूडापायी आणखी एक पोर बटणं लावायला जायची. मी तिच्या हातातली सुई घेणार, तेवढ्यात बाई खेकसल्या.

"अगं, घाई काय आहे? डोळ्यांनी शोधू नकोस, बोटाने चाचप. दाबली की उसळते ना, तीच शीर. आता कातडी खाली ताण. सुई आडवी धर, अजून आडवी. हां, जाऊ दे आत."

सुईत रक्त दिसलं. पोरीने श्वास सोडला.

"आधी पट्टा सोड," बाई म्हणाल्या. मग हळूच, "जमलं की तुला."

मुली खूश झाल्या. माझी मात्र तळपायाची आग मस्तकात गेली. एवढंच होतं? चार वाक्यं?

"बाई, माझ्या बहिणीला हे का नाही सांगितलंत?"

"आम्हाला तरी कुणी शिकवलं होतं?" त्या भिंतीकडे बघत म्हणाल्या.

"म्हणून तिचं वाटोळं केलंत?"

त्यांचे डोळे भरले होते. मला कीव आली नाही. सुईवरची चिकटपट्टी नीट बसली का ते मी पाहिलं आणि त्यांचं पांघरूण सारखं केलं.

"उद्या सकाळी तुमचं रक्त घ्यायचंय," मी म्हटलं. "दुसरी मुलगी आणते. आणि माझ्या बहिणीला शेजारी उभी करते. तिच्यादेखत शिकवा, बाई. एकही शब्द गाळू नका."